एकतीस घरं, एक कप

उबाळे गुरुजींनी चहा सोडला ही बातमी गुरुजी घरी पोचायच्या आधी शेणव्यात सगळीकडे झाली, कारण सोडण्याचा समारंभ त्यांनी काळूरामच्या हॉटेलातच उरकला, आणि तोही चहा पिता पिता. "हा शेवटचा," असं म्हणून त्यांनी बशी पालथी घातली. काळूरामने नेहमीच्या सवयीने दुसरा कप पुढे सरकवला आणि गुरुजी नेहमीच्या सवयीने तोही प्यायले. तेव्हा खरा शेवटचा कप तो. पण इतिहासात नोंद पहिल्याचीच राहावी असा गुरुजींचा आग्रह होता.

आदल्या दिवशी ते बायकोला घेऊन शहापूरला डॉक्टरांकडे जाऊन आले होते. गुरुजींची शाळा डोळखांबच्या बाजूला. एस.टी.तून उतरल्यावर शाळेपर्यंत जो चढ आहे, तो चढताना हल्ली छातीत धडधडायचं आणि रात्री झोप येत नसे. डॉक्टरांनी छाती तपासली, तारा लावून कागदाची एक लांब पट्टी काढली आणि हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "चहा किती घेता?"

"चार-पाच," गुरुजी म्हणाले.

"सतरा," संध्याबाई म्हणाल्या. "घरचे दोन त्यात धरले नाहीत."

डॉक्टर म्हणाले, चहा कमी करा, पण हळूहळू. या आठवड्यात निम्मे, पुढच्या आठवड्यात त्याच्या निम्मे. एकदम तोडू नका, त्रास होतो. हा सल्ला महेंद्र उबाळे यांना काहीसा अपमानास्पद वाटला. हळूहळू सोडणं हे लेच्यापेच्यांचं काम. वीस वर्षं पोरांना निश्चयाचं महत्त्व सांगणाऱ्या माणसाला चहाच्या एका पानापुढे असं गुडघे टेकत टेकत जायला सांगावं, म्हणजे काय? त्यांनी एकदम सोडला. शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिला : 'चहा हे गोड विष आहे.' चौथीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "मंग गुरुजी, तुमी एवढं पिऊन मेलात कसे नाय?" गुरुजींनी तिला सातचा पाढा म्हणायला लावला.

ही गोष्ट २००१ सालच्या फेब्रुवारीतली. पहिल्या तारखेला चहा सुटला आणि दुसऱ्या तारखेला डोकं धरलं. धरलं म्हणजे साधं नव्हे. दोन्ही भुवयांच्या मागे कोणीतरी जातं मांडून बसलं होतं आणि दिवसभर दळत होतं. पोरांनी बाक सरकवला तरी गुरुजींना शाळेचं छप्पर कोसळल्यासारखं वाटे. दुपारी डोळे मिटत आणि रात्री, ज्या झोपेसाठी हा सगळा खटाटोप, ती झोप मात्र येत नसे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तसं कबूल करायची सोय गुरुजींनी ठेवली नव्हती. हॉटेलात चारचौघांत जाहीर केलेलं होतं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या शालनवहिनी सुंठ उगाळून घेऊन आल्या. धने-जिऱ्याचं पाणी सुचवणारे तीन जण निघाले, गवती चहा सुचवणारे पाच. समोरच्या जनाआजीने तर अगदी जवळ बसून, मायेने पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "मशेरी लावा गुरुजी. चायची आठवन पन होनार नाय." काळूराम म्हणाला, "सोडायला माजी ना नाय. पन थोडी पिऊन सोडा, मंग तरास नाय होत." गुरुजींना यातल्या एकाही सल्ल्याचा राग आला नाही. राग याचा आला की प्रत्येक सल्लागार त्यांच्याच ओट्यावर बसून, त्यांच्याच घरचा चहा पिऊन सल्ला देत होता. शेवटी संध्याबाईंनी घरात चहा करायचाच बंद केला आणि त्या स्वतःचा कप शालनवहिनींकडे जाऊन प्यायला लागल्या. संध्याकाळी त्या घरी आल्या की त्यांच्या पदराला आल्याचा वास यायचा. गुरुजी तोंड भिंतीकडे करून वर्तमानपत्र वाचायचे.

उतारा सापडला तो शालनवहिनींच्या नवऱ्याकडे. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्यांची एक पट्टी दिली, ती संपली की दुसरी. सकाळी एक, संध्याकाळी एक. गोळी घेतली की अर्ध्या तासात जातं थांबे, अंगात तरतरी येई आणि जगात आपण काहीतरी करू शकतो असं गुरुजींना वाटू लागे. हे सगळं निश्चयाचं फळ आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. तरी उगीच धोका नको म्हणून त्या सुंठेचा लेपही लावत.

नऊ तारखेला शिरगणती सुरू झाली. सरकारला देशातली माणसं मोजायची असली की ती मोजायला मास्तर लागतात, हे सर्वांना माहीत आहे. उबाळे गुरुजींच्या वाट्याला शाळेचं गाव आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेला खैरपाडा आला. प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं : फॉर्म यंत्र वाचणार आहे, तेव्हा घडी घालायची नाही, डाग पाडायचा नाही, अक्षर खोक्याबाहेर जाता कामा नये. गावातल्या तिसऱ्याच घरी गुरुजी फॉर्मावर वाकले आणि कपाळावरची वाळलेली सुंठ 'कुटुंबप्रमुखाचे नाव' या रकान्यावर पडली. ती पुसायला गेले तर पसरली.

नव्या फॉर्मासाठी लेखी कारण द्यावं लागे. त्यांच्यावरचे पर्यवेक्षक होते मुकेश भोईर, वयाने पंधरा वर्षांनी लहान आणि स्वभावाने मिस्कील. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. "गुरुजी, कारणाच्या जागी तुम्ही 'सुंठ' लिहिलंय."

"खरं कारण तेच आहे."

"ते आहे हो. पण वरती कोणी विचारलं, तर मी काय सांगू? खोकला?"

असे चार फॉर्म गेले. तरीही गाव कसंबसं मोजून झालं, कारण गावाला गुरुजींचं व्रत माहीत होतं आणि कोणी चहा पुढे केला नाही. फक्त एक कोडं गुरुजींना सुटत नव्हतं. गोळी चुकली की डोकं पुन्हा पहिल्यासारखं दुखे. चहा सुटून सोळा दिवस झाले तरी. सतरा तारखेला ते पुन्हा शहापूरला गेले. डॉक्टरांनी पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि खाली बघून हसू दाबलं.

"गुरुजी, चहात जे असतं ना, ते या गोळीतही असतं. तुम्ही चहा सोडला, पण रोज त्याची गोळी खात होतात."

म्हणजे सोळा दिवसांचा निश्चय बारा-बारा रुपयांच्या पट्ट्यांतून आला होता. गुरुजींनी ती पट्टी तिथेच टेबलावर ठेवली आणि ताठ मानेने बाहेर पडले. डॉक्टर मागून पुन्हा म्हणत होते, "एकदम नको, हळूहळू," पण ताठ मानेला मागचं ऐकू येत नाही. त्यांनी गोळीही एकदम सोडली.

आणि एकोणीस तारखेला, डोक्यात एकाऐवजी दोन जाती दळत असताना, ते खैरपाड्याचा डोंगर चढले.

खैरपाडा हा ठाकरांचा पाडा. घरं एकतीस. वीटभट्टीवर गेलेली माणसं तिकडेच मोजली जाणार होती, मागे राहिलेली इथे. सगळ्यात वरचं घर भिमीबायचं, म्हणून नंबर एक. साठीची, काटक, हातात कायम कोयता असलेली बाई. तिचे दोन मुलगे गुरुजींच्या हाताखालून गेलेले. ती गुरुजींना अरेतुरे करी, कारण ती सगळ्यांनाच करी. एकदा आमदारालाही केलं होतं.

"बस," तिने घोंगडी टाकली. "चाय ठेवलीय. तू येनार म्हनून काल डोळखांबला जाऊन पुडी आनली. साखर पन आनली."

एरवीचे गुरुजी असते तर त्यांना पहिल्यांदा ते डोळखांब ऐकू आलं असतं. जाऊन-येऊन तीन तासांची वाट आणि त्यात एक नदी. पण त्या दिवशी त्यांना फक्त वास आला. तो गवती पात टाकलेल्या कोऱ्या चहाचा वास नाकातून थेट त्या दोन जात्यांपर्यंत गेला आणि गुरुजींचा तोल सुटला. त्यांनी भाषण दिलं. चहा हे व्यसन आहे. चहाने शरीर पोखरतं. चहाने पैसा जातो. मी सोडला, तुम्हीही सोडा, आणि आलेल्यागेलेल्याला हे विष पाजणं बंद करा. बोलता बोलता त्यांनी पुढे आलेला कप हाताने बाजूला केला.

भिमीबायने कप उचलून आत नेला. बाहेर येऊन चौकटीत उभी राहिली.

"हं. कुटुंबात माणसं किती?" गुरुजींनी पेन काढलं.

"घरात कोनी नाय."

तिच्या मागे तिचा म्हातारा रामू सुपारी कातरत बसला होता आणि नात रुपा भाकरी थापत होती.

"हे कोण मग?"

"हे नाय," भिमीबाय म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

दोन नंबरच्या घरातही कोणी नव्हतं. तीन नंबरच्या ओट्यावर पाच माणसं बसून कोणी नसल्याचं सांगत होती. दुपारपर्यंत सरकारदरबारी खैरपाडा ओसाड झाला. कोंबड्या तेवढ्या हजर होत्या, पण फॉर्मात त्यांचा रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मुकेशरावांना घेऊन आले. पाड्यातला जाणता माणूस कमळू. तो चिंचेखाली दोरी वळत बसला होता. मुकेशरावांनी त्याला समजावलं की नावं लिहिली नाहीत तर रेशनपासून रस्त्यापर्यंत सगळ्याची अडचण होईल. कमळूने मान डोलावली.

"आमी नाय म्हनतच नाय सायेब. दुसरा मास्तर धाडा. त्याला सांगू."

"आणि हे का नकोत?"

कमळूने दोरीवरची नजर काढली नाही. "गुरुजी आदी प्यायचा आमच्यात. आता आमच्या हातचा पीत नाय. जो आमच्या हातचा पीत नाय, त्याला आमची नावां कशाला?"

मुकेशराव काहीतरी बोलले, अठ्ठावीस तारखेपर्यंत पाडा मोजून झाला नाही तर लेखी खुलासा द्यावा लागेल, वगैरे. गुरुजींच्या कानावरून ते गेलं. खुलाशाचं त्यांना काही वाटत नव्हतं. नोकरीत त्यांनी असे पुष्कळ लिहिले होते. 'आमच्या हातचा पीत नाय' हे मात्र त्यांच्या वर्मी लागलं.

आता हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे नेणं बरोबर नाही. गुरुजींचे वडील मुरबाडच्या बाजूला रस्त्याच्या कामावर होते. तिथल्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा असायचा, बाहेर खुंटीला टांगलेला. तो त्यांनी स्वतः काढायचा, वरून ओतलेला चहा उभ्याने प्यायचा आणि धुऊन परत टांगायचा. धम्मदीक्षा घेतल्यावर त्यांनी त्या हॉटेलाची पायरी सोडली, पण तो कप लहान महेंद्रने पाहिला होता. मास्तर झाल्यावर त्याने मनाशी एक नियम केला : कोणाच्याही घरी जायचं आणि कोणीही दिलेला चहा परत करायचा नाही. मग तो कुणब्याचा असो, ठाकराचा असो, आगऱ्याचा असो. कपाला कप, बशीला बशी. सतरा कपांचा आकडा असा वाढत गेला होता. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी फक्त आकडा विचारला होता. आणि आज त्याच महेंद्र उबाळेबद्दल एक पाडा म्हणत होता की हा हातचा पीत नाही. परतीच्या एस.टी.त ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुकेशरावांना वाटलं डोकं दुखतंय.

एकवीस तारखेला सकाळी गुरुजी काही न खाता निघाले. पाड्याच्या खालच्या टोकाला, एकतीस नंबरच्या घरी, भगीरथच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हणाले, "चहा टाक."

भगीरथने बायकोकडे पाहिलं. बायकोने चुलीकडे पाहिलं. चहा आला. गुरुजींनी तो पिऊन कप पालथा घातला. भगीरथने लगेच पाच नावं सांगितली, वयासकट. तीस नंबर. चहा, नावं. एकोणतीस नंबर. चहा, नावं, वर आग्रहाने आणखी अर्धा कप. डोकं साफ थांबलं होतं. अंगात हत्तीचं बळ आलं होतं. गुरुजी एका घरातून दुसऱ्या घरात जवळजवळ उड्या मारत जात होते आणि वाटेत भेटणाऱ्यांना, न विचारता, शिरगणतीचं महत्त्व सांगत होते. पाचव्या घरी पेन थरथरायला लागलं. सहाव्या घरी वयाचा आकडा खोक्यातून निघून शेजारच्या रकान्यात गेला. सातव्या घरी, सव्वीसचा सव्वीस न राहता त्याचं काहीतरी भलतंच झालं, आणि गुरुजी फॉर्म छातीशी धरून ओट्यावर आडवे झाले. अंगाला दरदरून घाम. छाती अशी उडत होती की वरचा फॉर्म हलत होता.

पाडा गोळा झाला. भगीरथ सुपाने वारा घालायला लागला. त्याच्या बायकोने गुरुजींच्या तळपायाला राख चोळली. कोणी म्हणालं बाधा, कोणी म्हणालं ऊन. तेवढ्यात गर्दी बाजूला करत भिमीबाय आली. तिने कोयता खाली ठेवला आणि गुरुजींच्या छातीवर तळवा टेकला.

"कवड्या पाखरागत उडतंय," ती म्हणाली. "काय दिलंत ह्याला?"

"चाय," भगीरथ म्हणाला.

"किती?"

सात घरांनी आपापला हिशेब सांगितला. भिमीबायने त्या सातही घरांना जे काही सुनावलं, ते यंत्राने वाचण्यासारखं नव्हतं. मग तिने रुपाला घरी पिटाळून नाचणीची पेज आणवली, मीठ घालून, आणि गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन वाटीने पाजली. पेज पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने छाती जरा जागेवर आली.

"भिमीबाय," गुरुजी पडल्या पडल्या म्हणाले, "तुमच्या हातचं मी पीत नाही, असं नाही हो. मला ते सोसत नाही. त्या दिवशी माझं डोकं इतकं दुखत होतं, की..."

"मंग दुकतंय म्हनायचास ना," ती म्हणाली. "भाषन कशाला दिलास?"

वीस वर्षांच्या नोकरीत गुरुजींना इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

चिंचेखाली कमळूने सभा घेतली. चोवीस घरं उरलेली. गुरुजीला सात पाजले तर मरतो, एकही नाही पाजला तर त्याचं डोकं दुखतं आणि तो भाषण करतो, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा दिवसाला एकच कप, आणि तोही अर्धा. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पण तो कोणाच्या घरचा, यावरून जे भांडण लागलं ते अर्धा तास मिटेना. जिच्या घरचा प्यायला नाही ती काय तोंड दाखवणार? शेवटी तोड कमळूनेच काढली. लग्नात मांडव घालताना कोणी मेढी देतं, कोणी टहाळा, कोणी दोरी, तरी मांडव एकच होतो. तसं करायचं. रोज चार घरं मिळून एक चहा. एकाची पुडी, एकाचा गूळ, एकाच्या शेळीचं दूध, एकाची गवती पात. गुरुजीने अर्धा कप प्यायचा आणि चारही घरांची नावं लिहायची. बाकी कोणी आग्रह केला तर त्याला दंड.

गुरुजी मुद्दाम ताठ बसून ऐकत होते. आपल्या चहाचा निर्णय आपल्याला न विचारता घेतला जातोय, याचं त्यांना वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना.

बावीस तारखेपासून ते सुरू झालं. रोज चार घरच्या बायका एका चुलीभोवती जमत आणि पात किती तोडायची यावरून वाद घालत. गुरुजी अर्धा कप हातात घेऊन बसत. सतरा कप पिताना त्यांना चहाची चव अशी कधी लागली नव्हती. तेव्हा कप यायचा आणि जायचा. आता तो अर्धा कप ते वीस मिनिटं पुरवत. शेळीच्या दुधाचा उग्र वास, गुळाचा खारटपणा, पातीची धार, सगळं वेगळं वेगळं कळायचं. तिसऱ्या दिवशी डोक्यातलं एक जातं थांबलं. चौथ्या दिवशी रात्री त्यांना झोप लागली, इतकी गाढ की संध्याबाईंनी दोनदा उठून श्वास चालू आहे ना ते पाहिलं. पाचव्या दिवशी ते पाड्याचा डोंगर न थांबता चढले आणि वर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण थांबलोच नाही. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी तो संध्याकाळी शेणव्यातल्या बूथवरून उगीचच मुकेशरावांना फोन करून सांगितला. मुकेशरावांनी विचारलं, सुंठ बंद झाली का?

शेवटचा दिवस सत्तावीस तारीख. शेवटच्या चार घरांत भिमीबायचं घर होतं आणि चूलही तिचीच. तिने बाकी तिघींना हात लावू दिला नाही. सामान घेतलं आणि त्यांना ओट्यावर बसवलं. गुरुजींनी पहिल्या तिघींची माणसं लिहून घेतली. मग अर्धा कप आला. भिमीबाय समोर उकिडवी बसून ते संपेपर्यंत बघत राहिली. गुरुजींनी शेवटचा घोट घेतला. आपण त्या दिवशी केलं ते चुकलं, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, पण त्याचंही भाषण होईल या भीतीने त्यांनी कप पालथा घातला.

"हं," ती म्हणाली, "लिव आता."

गुरुजींनी फॉर्म पुढे ओढला. त्यांचं अक्षर आज पुन्हा मोत्यासारखं होतं. "कुटुंबप्रमुख?"

"म्हाताऱ्याचं नाव मी नाय घेत. तुला ठावं हाय."

गुरुजींनी 'रामू' लिहिलं. मग भिमी. मग रुपा, जन्म त्या वर्षीचा ज्या वर्षी वादळात शाळेचे पत्रे उडाले. हे वर्ष गुरुजींना तोंडपाठ होतं. पोरं वीटभट्टीवर, ती तिकडे.

"आणखी कोणी?" गुरुजींनी नियमाप्रमाणे विचारलं.

भिमीबायने जरा विचार केला. "तुजं लिव."

गुरुजी हसले नाहीत. शासकीय काम होतं. त्यांनी पेन खाली ठेवून तिला नीट समजावलं. मी शेणव्यात राहतो. माझं नाव तिथे लिहून झालंय. एक माणूस देशात एकाच घरात मोजायचा असतो, दोन ठिकाणी मोजला तर सगळीच गणती चुकते. तसा स्पष्ट नियम आहे, प्रशिक्षणात सांगितलेला.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग रिकामा कप उचलला आणि आत जाता जाता म्हणाली, "मंग तिथलं खोड."